शिक्षक रोजचं आणि आठवड्याचं वेळापत्रक नेमकं कसं ठरवतात?

मोठ्या हायस्कूलमध्ये हे कसं चालतं ते तिथलेच कोणी सांगतील. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि माझे दोन्ही वर्ग एकाच खोलीत. त्यामुळे भिंतीवरच्या वेळापत्रकात विषय आणि तासिका असल्या, तरी माझं सगळं नियोजन एका प्रश्नाभोवती फिरतं: मी चौथीला शिकवत असताना तिसरी काय करणार?

फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारलेली असते. डावीकडे तिसरीसाठी पाच गुणाकार, उजवीकडे चौथीचा अपूर्णांक. पाच गुणाकारांना पंधरा मिनिटं धरली, तर दोघी-तिघी चार मिनिटांत वही घेऊन हजर! म्हणून खाली कोपऱ्यात सहावं, जरा खट्याळ उदाहरण लिहून ठेवतो. ते आदल्या रात्री सुचलेलं असलं तर बरं, ऐनवेळी सुचत नाही.

गणित आणि वाचन परिपाठानंतर लगेच. खिचडी खाल्ल्यावर पोरांच्या डोळ्यांवर झापड येते, तेव्हा चित्रकला, कार्यानुभव, नाहीतर गोष्ट.

आठवड्याचं काम शनिवारी. सकाळची शाळा सुटली की वार्षिक आणि घटक नियोजन उघडून कुठला धडा मागे राहिला ते बघतो आणि पुढच्या आठवड्याचं टाचण, म्हणजे कुठल्या तासिकेला काय शिकवायचं याची नोंद, काढतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवलंय. शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास आहेत, त्यात तयारीही धरलेली आहे. कागदावर ते ऐसपैस वाटतं. मग प्रशिक्षण, शिक्षण परिषद (आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक), 'आजच्या आज पाठवा' अशी माहिती, आणि बाई रजेवर असल्या की चारही वर्ग माझ्याच खोलीत. म्हणून शुक्रवारची शेवटची तासिका मी मुद्दाम रिकामी ठेवतो. आठवडाभरात राहिलेलं तिथे ढकलायचं. आमच्याकडे गुरुवारी बाजार, निम्मी पोरं आईबरोबर जातात. त्या दिवशी नवा पाठ नाही, उजळणीच.

नवीन लागला असाल तर सुरुवातीला टाचण भरगच्च लिहू नका. मी पहिल्या वर्षी लिहायचो. दर आठवड्याला निम्मं 'अपूर्ण' अशा शेऱ्यात जायचं.

एक गोष्ट मात्र मला पोरांनीच शिकवली. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तो सुरू असताना तिसरीला मी शुद्धलेखन द्यायचो. अफजलखान प्रतापगडाखाली आला की तिसरीच्या पेन्सिली थांबायच्या. शेवटी ती तासिका दोन्ही वर्गांना एकत्रच करून टाकली. टाचणात तिसरीपुढे 'श्रवण' लिहितो. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी ते वाचलं, हसले आणि सही केली.