एकाच डोंगराचं पाणी दोन वाटांनी काहून जाते?

प्रश्न: आमचं गाव परतवाड्याजवळ. चिखलदऱ्याकडून येणारी चंद्रभागा आमच्याकडे खाली उतरते अन् सेमाडोहला सोयऱ्याकडे गेलो का तिथली सिपना पार उलटी जाते. डोंगर तर एकच! अन् पावसाळ्यात एवढं धोधो पडते तरी उन्हाळ्यात नदी कोरडी काहून पडते? सांगा ना जी.

उत्तर: भाऊ, तुमच्या शेतातून जी भिंतीसारखी उभी कड दिसते ना, ती गाविलगडची रांग, सातपुड्याचीच, अन् पाण्याची वाटणी करते ती हीच. वैराटला तिची उंची ११७८ मीटर. तुमच्याकडची बाजू एकदम तुटलेली, म्हणून चंद्रभागा, शहानूर धाडकन मैदानात उतरतात आणि पूर्णेला मिळतात. पलीकडची बाजू मात्र डोंगरामागं डोंगर अशी हळूहळू उतरत जाते, म्हणून खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या वळणं घेत घेत तापीकडे जातात. पण गंमत अशी, की पूर्णासुद्धा शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीलाच मिळते, म्हणजे तुमच्या गावचं पाणी अन् सोयऱ्याच्या गावचं पाणी लांबलांबच्या वाटेनं जाऊन एकाच नदीत पडते आणि पुढं सुरतेकडून समुद्रात जाते.

आता कोरडं पडायचं. खाली सगळा काळा पाषाण, लाव्हा थंड होऊन झालेला. त्याच्यात पाणी मुरते ते फटीफटीतून, जास्त साठत नाही, अन् उतार असा की पडलेलं बरंचसं पाणी पळूनच जाते. मे महिन्यात मी सेमाडोहजवळ पात्रात उतरलो होतो, गोटे इतके तापलेले की चप्पल काढता येईना, काठचा साग पूर्ण निष्पर्ण, आणि वळणावर खडकाच्या आडोशाला एक डोह, गार हिरवं पाणी, भोवती चिखलात सांबराच्या खुरांचे ठसेच ठसे. मेळघाटातली जनावरं उन्हाळा काढतात त्या अशा डोहांच्या भरवशावर, म्हणून कोणी तिथं मासे मारायला विष टाकलं की माझा जीव जळतो, कारण तेवढ्या भागात प्यायला दुसरं पाणीच नसते.

पुढच्या खेपेला धारणी रोडनं घाट चढलात की मधेच थांबून नाले पाहा, वर जाईपर्यंत ते तुमच्या गावाकडे उतरताना दिसतील, अन् रांग ओलांडली की सिपनेकडे.