चष्म्याचा नंबर बदलला नाही, तरी डायबेटिसमध्ये डोळ्याचा पडदा तपासावा का? आईच्या पायांना मुंग्याही येतात.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५४, डायबेटिस ८ वर्षांचा. रोज पेपर वाचतात, बडोद्यात मांजलपूरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर पाहिला तर जुनाच निघाला. रात्री पावलांना मुंग्या येतात, पण शेजारच्या काकू म्हणाल्या अशक्तपणा असेल. मग डोळ्यांत थेंब घालून तपासण्याचा खटाटोप कशाला?

करून घ्या, आणि लवकर. मी डॉक्टर नाही. बडोद्याच्याच दांडिया बझारात राहणारा ६१ वर्षांचा पेशंट आहे, आणि 'मला दिसतंय ना व्यवस्थित' हे वाक्य मीही पुष्कळ वर्षं वापरलं आहे.

२०१९ च्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, उंधियू-जिलबी हाणून गच्चीवर गेलो. भाच्याचा लाल पतंग वर चढला आणि त्याच्या शेजारी हुबेहूब दुसरा. मला वाटलं कुणीतरी पेच लावायला आलंय. 'ढील दे, ढील दे' म्हणून ओरडलो, तर भाचा म्हणतो, "मामा, कोण आहे तिथे?" एक डोळा मिटला की दुसरा पतंग गायब. हातातली फिरकी मात्र एकच.

घरच्यांना पक्षाघाताची धास्ती. संध्याकाळी एमआरआय झाला, मेंदू ठीक होता. बिघडली होती ती डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या स्नायूची नस. नसांनाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या वर्षानुवर्षांच्या साखरेनं खराब होतात, आणि एखादी बंद पडली की नस संपावर जाते. डोळा नाकाकडे सरकतो, म्हणून लांबचं दोन दिसतं, जवळचं त्या मानानं बरं. ही नस बहुधा तीनेक महिन्यांत सावरते. माझी दहा आठवड्यांत सावरली. तोवर चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावून बाजारहाट केला. (असं कुणाला अचानक झालं तर 'डायबेटिसमुळेच असणार' म्हणून घरी बसू नका. मेंदूत काही नाही ना, हे त्याच दिवशी पाहावं लागतं.)

पण खरी गोष्ट पुढे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेका डोळ्यानं तक्ता वाचायला लावला. चष्म्यासकट ६/६, म्हणजे नजर अगदी नॉर्मल. मी खूश. मग थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत पाहिलं, तर दोन्ही पडद्यांवर रक्ताचे बारीक ठिपके. चष्म्याच्या दुकानात भिंगाचा हिशेब होतो, मागच्या पडद्याकडे कुणी पाहत नाही. पडद्याच्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत किंवा नव्या नाजूक वाहिन्या फुटून आत रक्त सांडेपर्यंत माणूस मजेत पेपर वाचत असतो. टाइप २ मध्ये, म्हणजे मोठेपणी सहसा होणाऱ्या डायबेटिसमध्ये, निदान झालं त्याच वेळी पहिली तपासणी, आणि मग साधारण दरवर्षी करायची असते. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदान होतानाच तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांच्या पडद्यावर खुणा सापडल्या होत्या. आईंची तर ८ वर्षं झाली. त्याच अभ्यासात, १९९८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, साखर काटेकोर ठेवलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा 'गोळ्या चालू आहेत' एवढ्यावर थांबू नका, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) किती आहे ते पाहा. माझं ९.२ होतं, म्हणजे बरंच जास्त, आणि मीही गोळ्या घेतच होतो.

आता पाय. त्याच वर्षी नवरात्रात गरबा खेळून घरी आलो. बडोद्याचा गरबा अनवाणी, तुम्हाला सांगायला नको. बायको म्हणाली, "लादीवर हे लाल काय?" माझीच पावलं उमटली होती. तळव्यात खडीचा तुकडा रुतलेला, आणि मला पत्ता नाही. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, म्हणाले, नायलॉनचा धागा टेकवतो, जाणवला की सांगा. दहा ग्रॅमच्या दाबानं वाकणारा धागा असतो तो. मी वाट बघत राहिलो, केव्हा टेकवतायत. त्यांचं उरकलंही होतं.

म्हणून आईंच्या मुंग्यांना अशक्तपणा म्हणू नका. मुंग्या येतायत तोवर नस निदान कुरकुरतेय. कुरकुर थांबली तर ती बरी झाली म्हणून, की पार बधिर झाली म्हणून, हे धाग्यावाचून कळत नाही. त्या मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेत असतील तर बी१२ जीवनसत्त्व जरूर तपासा. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं आणि मुंग्या अगदी अशाच येतात. ते भरून काढता येतं. पण बी१२ कमी निघालं म्हणून पायांची तपासणी टाळायची नाही, दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

खर्चाची काळजी असेल तर सयाजी हॉस्पिटल सरकारी आहे, तिथे नेत्रविभाग आहे. माझ्या ठिपक्यांवर सुरुवातीला काहीच करावं लागलं नाही, नुसती दर सहा महिन्यांनी नजर. पुढे डाव्या डोळ्यात सूज आली तेव्हा डोळ्यात इंजेक्शनं घेतली. ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी बधिर करतात. दाढ काढण्यापेक्षा सोपं.

थेंबांचा त्रास म्हणाल तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, एवढाच. आईंना एकटं ॲक्टिव्हावर पाठवू नका. मागे बसवून न्या, गॉगल घ्या, आणि त्या दिवशीचा पेपर सकाळीच वाचून घ्यायला सांगा.