रंगीत बीअर्डेड ड्रॅगन निवडताना

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीला बीअर्डेड ड्रॅगन (एक प्रकारचा सरडा) पाळायचा आहे. विक्रेत्याने लाल आणि पिवळ्या रंगांची पिल्ले दाखवली. त्यांत अगदी गुळगुळीत कातडीचे एक पिल्लू 'खास' म्हणून जास्त किमतीला आहे. कोणते घ्यावे, आणि नागपूरच्या हवेत ते टिकेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : गुळगुळीत कातडीचे पिल्लू कृपया घेऊ नका. त्या जातीला 'सिल्कबॅक' म्हणतात. अंगावर खवले नसल्यामुळे तिची त्वचा लवकर कोरडी पडते, सहज जखमी होते आणि कात टाकतानाही त्रास होतो. निव्वळ दिसण्यासाठी असा जीव पैदा करणे मला योग्य वाटत नाही.

लाल-पिवळ्या पिल्लांबाबत एवढे लक्षात घ्यावे, की या प्राण्याचा खरा रंग वाढीच्या काळात हळूहळू खुलतो, आणि थंडी किंवा भीतीमुळे तो काळवंडतो. म्हणून दुकानातील रंगीत दिव्याखाली निर्णय न घेता पिल्लू दिवसाच्या उजेडात पाहावे आणि शक्य असल्यास त्याचे आईवडीलही पाहावेत. रंगापेक्षा डोळे तेजस्वी आहेत का, शेपटीचे मूळ भरलेले आहे का, पाय सरळ आहेत का आणि चालताना ते पोट जमिनीवरून उचलते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला असून तेथून त्याच्या व्यापारी निर्यातीला बंदी आहे. त्यामुळे पिल्लू कोठे जन्मले याचा लेखी पुरावा मागावा. भारतातील वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आहे, तेव्हा पैसे देण्यापूर्वी सिव्हिल लाइन्समधील वन भवनात (वन विभागाच्या कार्यालयात) नियमांची चौकशी करावी.

आता नागपूरच्या हवेविषयी. वाळवंटी प्राण्याला आपला उन्हाळा मानवेल, असा समज धोक्याचा आहे. त्याला पेटीत (म्हणजे त्याच्या काचेच्या घरात) ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा सुमारे ४० अंश सेल्सिअस लागते, पण तेथून उठून २५ ते २८ अंशांच्या गार कोपऱ्यात जाता आले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीतील पेटीत असा कोपरा उरतच नाही. त्या दिवसांत पेटी एसीच्या खोलीत ठेवावी आणि खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नये. कूलरमुळे हवा दमट होते, आणि फार काळ दमट राहिलेल्या हवेत श्वसनाचे आजार होऊ शकतात. पावसाळ्यातही हीच काळजी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पेटीचे तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह (तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रासह) लावावा.

काचेतून येणाऱ्या उन्हातील यूव्हीबी (अतिनील) किरण बहुतांशी अडतात, म्हणून यूव्हीबी ट्यूब अनिवार्य आहे. ती जळत असली तरी किरण क्षीण होत जातात, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. हे किरण आणि कॅल्शियम न मिळाल्यास हाडे मऊ होऊन वाकतात, आणि वाकलेले हाड पूर्ववत होणे कठीण असते.

पिल्लांना मुख्यतः क्रिकेटसारखे (रातकिड्यांसारखे) किडे द्यावेत. प्रौढांना पालेभाज्या, लाल भोपळा, जास्वंदाची फुले चालतात. पालक कॅल्शियम शोषू देत नाही, म्हणून तो टाळावा. संत्रीही देऊ नयेत. काजवा मात्र चुकूनही पोटात जाता कामा नये. त्याचे विष जीवघेणे ठरते.

प्रौढ ड्रॅगन ४५ ते ६० सेंटिमीटर लांब होतो आणि साधारण १० वर्षे जगतो, म्हणून सुमारे ४ फूट लांबीची पेटी लागते. एका पेटीत एकच ठेवावा. त्याच्या अंगावर सॅल्मोनेला जिवाणू असू शकतात, तेव्हा हाताळल्यावर मुलीने साबणाने हात धुवावेत आणि पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. घेण्याआधीच सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे कोणी आहे का, हे विचारून ठेवावे.