आमदार फंडातून पाणी येतं का?

प्रश्न: आमच्याकडं जतच्या पूर्व भागात एक उमेदवार म्हणाले, निवडून द्या, आमदार फंडातून म्हैसाळ उपसा योजनेचं, म्हणजे कृष्णा नदीचं पाणी आणतो. जमतं का हो असं?
– एक वाचक, जत

उत्तर: नाही जमत भाऊ. आमदार फंड वर्षाला 5 कोटी, तोही अख्ख्या मतदारसंघाला, त्यात सभामंडप, रस्ते, गटारी असलं काय काय होतं, पण कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपानं उचलून जतपर्यंत आणायचं म्हणजे जलसंपदा खात्याचंच काम, पैसा राज्याच्या बजेटमधून. आमदार तिथं पाठपुरावा करू शकतो, विधानसभेत प्रश्न लावू शकतो, आणि खरं तर तेच त्याचं काम (सभामंडप काय कुणीपण बांधतंय). पंपांच्या वीजबिलाचंपण विचारा, त्यातला 81 टक्के वाटा सरकारचा, 19 टक्के शेतकऱ्यांचा, पाणीपट्टीतून. पुढच्या सभेत सरळ विचारा, आमच्या गावची पोटचारी (शेतापर्यंत पाणी नेणारी छोटी चारी) कुठवर आलीय?