बाबांना चिनी काढा देऊ का?

"ताई, चिनी जडीबुटीनं डिमेन्शिया बरा होतो म्हणतात. देऊन बघू का?" स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मेघनानं विचारला तेव्हा तिनं काढा आधीच सुरू केलेला होता. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

मेघना सिंगापूरला असते. आई गेल्यावर तिनं बाबांना तिकडे नेलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. साताऱ्याकडे त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. अल्झायमरचं निदान होऊन दीड वर्ष झालेलं, त्यासाठीची गोळी डोनेपेझिल आणि रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन चालू. शेजारच्या चिनी आजींनी मायेनं तिला आपल्या 'सिनसे'कडे, म्हणजे वैद्यांकडे नेलं. सिंगापुरात या वैद्यांची रीतसर सरकारी नोंदणी असते. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली आणि विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत?"

मेघना म्हणाली, "नाही."

"हो म्हटलं असतं तर त्यांनी काढा दिलाच नसता, असं वाटलं," हे सांगताना तिचा आवाज बसला. डॉक्टरांनाही काढ्याचं सांगितलं नाही, ते रागावतील म्हणून. वर ऑनलाइन 'स्मरणशक्तीच्या' कॅप्सूल मागवल्या. तीन आठवड्यांत बाबांना मळमळ, जुलाब सुरू झाले आणि एका सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. नाडी 44.

हाड मोडलं नाही, पण मेघना मनातून पार खचली. "मीच बाबांना विष दिलं," एवढंच ती घोकत होती. गोळ्या-काढे सुरू करणं किंवा थांबवणं हे माझं काम नाही. मी एकच आग्रह धरला: सगळ्या पुड्या, डब्या, बाटल्या एका पिशवीत भर आणि आजच डॉक्टरांपुढे ओत. तिनं धीर करून ते केलं. कोणी रागावलं नाही.

कॅप्सूलमध्ये ह्यूपरझिन ए निघालं. चीनमधल्या एका शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीतून तिथल्या संशोधकांनी ते 1980च्या दशकात वेगळं केलं. मेंदूत निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते अडवतं. डोनेपेझिलही नेमकं तेच करतं. म्हणजे एकाच कामाची दोन औषधं बाबांच्या पोटात जात होती, आणि नाडी मंदावणं, उलट्या, जुलाब हे त्याचेच परिणाम. डॉक्टरांनी कॅप्सूल आणि काढा दोन्ही बंद करायला सांगितलं. काही दिवसांत नाडी ठिकाणावर आली.

मेघनाचा नवरा मला म्हणाला, "पण चिनी औषधालाच नोबेल मिळालं ना?" मिळालं, 2015 मध्ये, तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंना. पण त्यांनी 1970च्या दशकात वनस्पतीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, माणसांवर तपासलं, तेव्हा कुठे ते मलेरियाचं औषध झालं. स्मृतिभ्रंशात अजून तिथवर कोणी पोचलेलं नाही. ह्यूपरझिनची अमेरिकेत 210 रुग्णांवर चाचणी झाली. 2011 मध्ये निष्कर्ष आले, ठरवलेल्या मात्रेनं स्मरणशक्तीत फरक पडला नाही. गिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क तीन हजारांवर वृद्धांना काही वर्षं दिला, तरी स्मृतिभ्रंश टळला नाही (2008). शिवाय गिंकोनं रक्तस्राव वाढण्याचा धोका असू शकतो, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी जपायला हवं. ज्येष्ठमध बऱ्याच चिनी काढ्यांत असतं. जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ब्राह्मीच्या गोळ्या देणाऱ्यांनाही मी एकच सांगते: झाडपाल्याचं आहे म्हणून ते औषध नाही असं होत नाही. डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सगळं सांगा. त्या सिनसेनं विचारलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

नंतरच्या एका सत्रात मेघना सहज बोलून गेली, "काढा बंद झाला आणि बाबांची संध्याकाळ परत बिघडली." मी खोदून विचारलं. रोज सहाला ती मातीच्या भांड्यात मुळ्या उकळायची, बाबा शेजारी स्टुलावर बसायचे. एरवी त्याच वेळी ते "घरी जायचंय" म्हणत दाराशी घुटमळत; त्या वेळात मात्र गप्प, शांत. एकदा त्यांनी पुडीतला तुकडा उचलला, मोडला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "वेखंड. जुनं आहे, वास उतरलाय. गिऱ्हाइकाला देऊ नको."

नातवाचं नाव त्यांना आठवत नाही. पण ते बरोबर होते. तो तुकडा 'शी चांग पू'चा होता, आपल्या वेखंडाचा सख्खा भाऊबंद. चिनी वैद्य बुद्धीसाठी तो शतकानुशतकं देत आले आहेत.

मग आम्ही काढ्याऐवजी ती सहाची वेळ परत आणायचं ठरवलं. लिटल इंडियातून मेघनानं सुंठ, जायफळ, पिंपळी, मिरी, दालचिनी आणली. जुना तराजू मिळाला नाही, स्वयंपाकघरातला काटा घेतला. बाबा निवडतात, पुड्या बांधतात. काही तोंडात घालत नाहीत ना, इकडे कोणीतरी लक्ष ठेवतं. आजार पुढे सरकतोच आहे. गेल्या महिन्यात ते मेघनाला दोनदा "बाई, काय देऊ?" म्हणाले, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

परवा तिचा फोटो आला. दोन वाट्या. खाली लिहिलं होतं: "मी दोन्ही मिरीच समजले. बाबांनी नातवाला जवळ बोलावून दाखवलं, शेपूट असते ती कबाबचिनी."