ते पुस्तक गाद्यांखालून काढ

प्रिय मावशी,

मी १९ वर्षांची आहे, सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या पुरात घर सोडताना आई कागदपत्रं घे म्हणत होती आणि मी दप्तरात एक जाडजूड कादंबरी कोंबली. वाऱ्याला हाक मारणाऱ्या, एकटीनं गलबत हाकणाऱ्या मुलीची गोष्ट. तिच्या दुसऱ्या भागाची सहा वर्षं वाट पाहिली. दोन रात्रींत संपवला आणि रडले. तीच मुलगी आता दोन पोरांपैकी कुणाला निवडू म्हणून चारशे पानं झुरते. पहिल्या भागात मेलेले गुरुजी जिवंत होऊन येतात. अर्धं पुस्तक नुसती जंगलातली पायपीट. लेखिकेनं फसवलं मला. तिला पत्र लिहू का? तिसरा भाग घेऊ, की मालिकाच सोडून देऊ? धाकटी बहीण १३ वर्षांची आहे, तिचा पहिला भाग नुकताच वाचून झालाय. तिला मी सांगितलंय की पुढचा अजून आलेला नाही. पुस्तक गाद्यांखाली ठेवलंय.

एक फसलेली वाचक

बाळा,

लेखिकेला पत्र लिही, नाहीतर नको लिहूस. तिसरा भाग घे, नाहीतर नको घेऊस. मी अडकले ती तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर. ती पोर रोज विचारत असणार, "ताई, आलं का गं?" आणि तू तिच्या तोंडावर नाही म्हणतेस. मला तुझा राग आलाय.

माझं बालपण साताऱ्यातलं. मामा मुंबईहून येताना फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं आणायचा. त्यात अर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या, गेड नावाच्या जादूगाराची गोष्ट सांगणाऱ्या अर्थसी मालिकेचे पहिले तीन भाग होते, १९६८ ते १९७२ मधले. मी आणि दादा मधे डिक्शनरी ठेवून वाचायचो, एका पानाला अर्धा तास लागायचा. चौथा भाग, 'तेहानू', आला तो १९९० मध्ये, अठरा वर्षांनी. आमच्यापर्यंत पोचायला आणखी दोन वर्षं गेली. दादानं आधी वाचला आणि माझ्यासमोर टेबलावर आपटला. "भिकार आहे. गेडची सगळी जादू गेली. शेळ्या राखतो आता. आणि पानोपानी एक विधवा बाई घर सांभाळत बसलीय." तेव्हा कितीतरी वाचक असेच चिडले होते. मी दादाचं ऐकलं. पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

उघडलं ते वीस वर्षांनी, माझी लेक चार वर्षांची असताना. दादाची ती 'विधवा बाई' म्हणजे टेनार होती! दुसऱ्या भागात थडग्यांच्या अंधारात पुजारीण म्हणून वाढलेली मुलगी, जिच्यासाठी मी दहावीच्या वर्षी रात्र रात्र जागले होते. आता ती चाळिशी ओलांडलेली, आणि तिनं एक भाजलेली पोर सांभाळायला घेतलेली. पोरीचा अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, हात आखडलेला. मी ओट्यावरची भांडी तशीच टाकून पहाटेपर्यंत वाचलं, मधूनमधून उठून झोपलेल्या लेकीचा गाल चाचपत. ते माझं पुस्तक होतं. दादाचं नव्हतं, म्हणून त्याला ते भिकार वाटलं, आणि त्याच्या चार वाक्यांपायी मी त्या पुस्तकाला वीस वर्षं मुकले. दादानं निदान पुस्तक टेबलावर तरी ठेवलं होतं. तू लपवून ठेवलंस.

तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाला सोयीसाठी उठवलं की वाचणाऱ्याचा विश्वास जातोच. तीन भागांच्या गोष्टीत मधल्याचे हाल होतात हेही खरं. सुरुवातीचं नवल पहिल्यात संपलेलं, शेवट तिसऱ्यासाठी राखलेला, मग मधे उरते ती पायपीट. पण सहा वर्षांत तू तेराची एकोणीस झालीस. ती गलबतवाली पोर तिथंच थांबली. त्या दोन मुलांपायी तिचं झुरणं तुला आज बालिश वाटतंय. तेराव्या वर्षी वाटलं असतं का, हे आता तुला कधीच कळणार नाही. धाकटीला कळेल. ती आत्ता तेराची आहे, आणि हे वय गाद्यांखाली टिकत नाही.

आणि तू सांगलीची आहेस गं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तुमच्या नगर वाचनालयाची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हजारो पुस्तकं पाण्यात गेली, फुगून एकमेकांना चिकटली. गाव कपडेलत्ते वाचवत होतं तेव्हा तू एक गोष्ट पाठीवर घेऊन बाहेर पडलीस. पत्रातली ती ओळ वाचताना माझे डोळे भरून आले. तेवढ्याच वयाची एक पोर आज तुझ्या घरात आहे, आणि तिच्या वाटचं कोरडं ठणठणीत पुस्तक तूच दाबून ठेवलंयस.

आज रात्री अंथरुणं घालताना ते काढ. तिच्या हातात दे आणि म्हण, "मी खोटं बोलले, कधीचं आलंय." बास. गुरुजींचं एक अक्षर नको, त्या दोन पोरांचं नको. तोंडसुद्धा वाकडं करू नकोस, कारण ती मधेच मान वर करून तुझ्याकडे बघणार. तिचं संपेपर्यंत गप्प बसायचं. रडत आली तर जवळ घे, आणि मग दोघी मिळून लेखिकेला काय लिहायचं ते लिहा. नाचत आली, तर तिला सगळ्यात आवडलेलं पान तिच्याकडून मोठ्यानं वाचून घे. मधे बोलू नकोस.

तुझी,
मावशी