साडेतीन वर्षांचा मुलगा बहिणीला चिमटे काढतो, बाजारात लोळण घेतो. 'त्याला समजून घ्या' म्हणजे नक्की करायचं काय?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: इंदूरला एकत्र कुटुंब, मुलगा साडेतीनचा, मुलगी आठ महिन्यांची. दोन महिन्यांपासून तो तिला चिमटे काढतोय आणि राजवाड्यावर फुगेवाला दिसला की रस्त्यातच लोळण घेतो. सासूबाई म्हणतात दोन धपाटे द्या, नवरा म्हणतो लक्षच देऊ नका, आणि मोबाइलवर जो तो सांगतो की भावना समजून घ्या.

यातला 'दोन महिन्यांपासून' हा शब्द मला सगळ्यात कामाचा वाटतो. बहीण जन्मली तेव्हा त्यानं काही केलं नाही, आत्ता करतोय. तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती बसते, सरकते, त्याच्या गाड्यांपर्यंत पोचते, आणि तिनं गाडी ओढली की घर टाळ्या वाजवतं. पाहुणी समजत होता ती मुक्कामालाच आली आहे, हे त्याला आत्ता कळलंय. याला मराठीत हेवा म्हणतात. त्याच्याकडे हा शब्द नाही, म्हणून चिमटा आहे.

चिमटा वाईट हे त्याला ठाऊक आहे. विचारलंत तर तोच सांगेल. पण ठाऊक असणं आणि हात आवरणं ही दोन वेगळी कामं. आवरणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. त्यामुळे 'शंभरदा सांगितलं तरी ऐकत नाही' या तक्रारीत दम नाही. सांगणं पोचलंय, ब्रेक लागत नाही. तोवर ब्रेक तुम्ही.

म्हणजे दोघं जमिनीवर असताना मोठं कुणीतरी हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, स्वयंपाकघरातून ओरडून हे होत नाही. हात उठताना दिसला की मनगट हलकेच धरा आणि म्हणा, "चिमटा काढू देणार नाही मी." मग, "तिनं गाडी ओढली. राग आला तुला." मग मार्ग द्या: "ती आली की मला हाक मार." एवढंच. पाच-सहा शब्दांची वाक्यं. यापुढचं प्रवचन तो ऐकत नसतो. आणि त्याच्या गाड्यांसाठी तिचा हात पोचणार नाही अशी एक जागा द्या, दिवाणावर किंवा टेबलावर. बरीच भांडणं याच एका गोष्टीनं मिटतात.

चिमटा बसूनच गेला असेल तर आधी मुलीला उचला, त्याला रागवायला धावू नका. 'का केलंस?' विचारू नका, साडेतीन वर्षांच्या मुलाला याचं उत्तर देता येत नाही. तो गप्प राहील नाहीतर काहीतरी रचून सांगेल. जबरदस्तीचं सॉरीही नको. दोन आठवड्यांत ती पावती होते: चिमटा काढला, सॉरी म्हटलं, हिशेब चुकता. त्यापेक्षा थोडं शांत झाल्यावर तिचा खुळखुळा आणून द्यायला सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा 'पण' या शब्दानं होतो. "तुला राग आलाय कळतंय मला, पण तू दादा आहेस ना!" यात पहिला अर्धा भाग पुसला गेला आणि दादापणाचं ओझं वर चढलं. वाक्य तिथेच तोडा. "राग आलाय." पूर्णविराम. "मारायचं नाही." पूर्णविराम.

भावनांचे शब्द भांडणात शिकवता येत नाहीत, ते आधी शिकवून ठेवायचे. यात मराठी श्रीमंत आहे: राग वेगळा, रुसवा वेगळा, खट्टू होणं, हिरमुसणं, चिडचिड, ओशाळणं. स्वतःबद्दल वापरा: "पाऊस आला, बागेत जाता आलं नाही, मी हिरमुसले." इंदूरच्या मुलाला घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, तेव्हा तो 'मुझे गुस्सा आया' म्हणाला तर भाषा सुधारू नका. हाताऐवजी तोंड चाललं, काम झालं.

आता बाजारातली लोळण. तिचे दोन भाग असतात. आधी संताप: किंचाळणं, लाथा, तो झपाट्यानं चढतो. मग तो उतरतो आणि रडणं उरतं. संतापात कुठलाही शब्द आत जात नाही, म्हणून समजावणं, आमिष, धमकी, सगळं फुकट. उचलून बाजूला, एखाद्या दुकानाच्या ओट्याशी न्या, शेजारी उकिडवे बसा, गप्प राहा. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत ओसरतं. रस्त्यावर ती पाच मिनिटं तासाएवढी वाटतात हे खरं. किंचाळण्याचे हुंदके झाले आणि तो तुमच्याकडे बघू लागला की जवळ घ्या: "फुगा हवा होता. नाही मिळाला. खट्टू झालास."

फुगा मात्र घ्यायचा नाही. तुमच्या नवऱ्याचं इथे अर्धं बरोबर आहे: मागणीकडे दुर्लक्ष करायचं, मुलाकडे नाही. चार दिवस नाही म्हणून पाचव्या दिवशी लोक बघतात म्हणून घेतलात, तर पाच दिवस ओरडायचं असतं हे तो शिकला. घ्यायचाच असेल तर पहिल्या मागणीला हसत घ्या. ठाम राहिलात तर सुरुवातीचे काही दिवस लोळण वाढते, नेहमी चालायची युक्ती का चालेना म्हणून तो जोर लावतो. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, बघा, उपाय फसला.

आणि वेळ पाहा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. आपल्याकडे सराफ्यात दुकानं बंद झाल्यावर खाण्याचे ठेले लागतात, नऊनंतर सहकुटुंब जायचं, भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन अकराला परतायचं. दुसऱ्या संध्याकाळच्या लोळणीचं बी तिथे पेरलेलं असतं. सात दिवस वहीत लिहा: किती वाजता झालं, लगेच आधी काय घडलं, शेवटचं खाल्लं कधी, झोपला किती. एक-दोन ठरलेल्या वेळा सहसा वर येतात. त्या वेळी बाजार टाळा. जायचंच तर पोट भरून, आणि काय घ्यायचं ते घरीच ठरवून.

रोज दहा मिनिटं फक्त त्याची. मोबाइल नाही, बहीण दुसऱ्या कुणाकडे, खेळ तो ठरवणार. तुम्ही शिकवायचं नाही, 'हा कुठला रंग?' विचारायचं नाही, तो करतो ते नुसतं बोलून दाखवायचं: "लाल गाडी वर चढली." त्या दिवशी चिमटा काढला असला तरी ही दहा मिनिटं कापायची नाहीत. हे बक्षीस नाही, रोजची भाकरी आहे. मधेच तो बाटलीनं दूध मागेल, चड्डी ओली करेल. काही आठवडे चालवून घ्या, चिडवू नका.

सासूबाईंना व्हिडिओ दाखवायला जाऊ नका, त्यांनी मुलं वाढवलेली आहेत. धपाट्यानं मूल तेवढ्यापुरतं थांबतं हे त्यांचं निरीक्षण खोटं नाही. ते भीतीनं थांबतं, आणि मोठ्यानं लहानाला मारायचं असतं हा धडा घेऊन बहिणीकडे जातं. घरात तीनच गोष्टी ठरवा: कुणी मारायचं नाही, 'पोलीस येईल' म्हणायचं नाही, रडताना हातात मोबाइल द्यायचा नाही. आणि संताप उतरल्यावरची मांडी त्यांचीच असू द्या. ते काम आजीला तुमच्यापेक्षा चांगलं येतं.

बालरोगतज्ज्ञांकडे कधी जायचं? तो स्वतःला इजा करत असेल, डोकं आपटत असेल. आकांत वारंवार पंचवीस मिनिटांच्या वर जात असेल. किंवा रडताना श्वास रोखून निळा पडत असेल (यात रक्तातलं लोहही तपासतात). साडेतीनला छोटी वाक्यं बोलत नसेल तर कान तपासून घ्या. ज्याला सांगता येत नाही तो मारतो. घरात तुम्हालाच असह्य होत असेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर बोलता येतं.

कधीतरी तुम्ही ओरडाल, हातही उठेल. तेव्हा तासाभरात त्याच्यापाशी बसून म्हणा, "मी ओरडले. मला राग आला होता. ओरडायला नको होतं." त्यापुढे 'तू असं केलंस म्हणून' जोडू नका.